साइड रेन बांधायचे की हातानेच शिकवायचं?

सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणला की नाशिकला येईपर्यंत प्रत्येकाला तो वरातीतल्या घोड्यासारखा मान वाकवून चाललेला हवा असतो. मग पहिला सल्ला ठरलेला, साइड रेन लाव. म्हणजे लगामाच्या कडीपासून खोगीराच्या तंगापर्यंत दोन पट्टे बांधायचे आणि लंजिंग करत, म्हणजे लांब दोरीवर आपल्याभोवती, गोल फिरवायचं. फायदा आहेच, हात स्थिर नसेल तर घोड्याला एकसारखा कॉन्टॅक्ट, म्हणजे तोंडावर लगामाचा हलका स्थिर ताण, मिळतो, आठवड्याभरात मान खाली दिसायला लागते.

पण दिसते, एवढंच. पट्टे आखूड बांधले तर घोडा हनुवटी छातीला लावून लगामाच्या मागे लपतो, म्हणजे लगामाचा ताण टाळतो, पाठ पोकळ आणि मागचे पाय मागेच राहतात. आणि मारवाडी जातीच्या घोड्याची मान मुळातच उंच, तिला ओढून खाली कशाला आणायची 😅

दुसरा रस्ता वेळखाऊ आहे. दुडकीत मोठी वर्तुळं, पायाने पुढे ढकलायचं, घोडा जबडा सैल करून लगाम घेतो की लगेच हात नरम करायचा, मधून मधून त्याला मान लांब खाली सोडू द्यायची, असं महिनोन् महिने. शेवटी कानामागचा भाग सर्वात वर आणि नाकाची रेष उभ्या रेषेच्या जराशी पुढे, हे मागच्या पायांच्या जोरातून येतं, दोरीतून नाही.

मी हाताचीच बाजू घेईन. साइड रेन लावायचेच तर सैल, पंधरा-वीस मिनिटं, तेही वॉर्मअप झाल्यावर, आणि ते बांधून वर बसून उडी तर अजिबात नको.