सिंपलप्लेन्समधलं मागे पंखा असलेलं फायटर, डाउनलोड कराच

सिंपलप्लेन्स ह्या विमानं बनवून उडवायच्या गेममधे हल्ली हे एकच विमान उडवतोय, कुणीतरी पूर्ण स्वतःच्या डोक्यातून काढलेलं १९४५ च्या स्टाइलचं प्रॉप (पंख्यावर चालणारं) फायटर, इंजिन मागे, पंखा शेपटीला, पुढे कॅनार्ड म्हणजे छोटे पंख आणि नाकातच चार तोफा. बघताक्षणी जपानचं क्युशू शिंदेन फायटर आठवतं, ते ३ ऑगस्ट १९४५ ला पहिल्यांदा उडालं आणि दोन आठवड्यांच्या आत जपानने शरणागती पत्करली, म्हणजे लढाईत ते कसं निघालं असतं हे कधी कळलंच नाही. हा बिल्डर तिथूनच पुढे गेलाय, आणि कॉपी अजिबात वाटत नाही.

मला सगळ्यात काय आवडलं तर चीटिंग नाही. नाहीतर लोक काय करतात, बाहेरून प्रॉप दाखवायचा, आत जेट लपवायचं, पार्ट्सचा ड्रॅग (हवेचा विरोध) झिरो करायचा आणि मग ते विमान ताशी हजार-बाराशे किलोमीटरने पळतं, त्याला प्रॉप फायटर कशाला म्हणायचं? हे सरळ उड्डाणात साडेसातशेच्या आसपास थांबतं, शिंदेनचा डिझाइन स्पीडही तेवढाच धरलेला होता. शिवाय पंखे दोन आहेत, एकामागे एक, उलट दिशेने फिरणारे, त्यामुळे टॉर्क (पंखा फिरल्याने विमानाला बसणारा पीळ) कटतो आणि फुल पॉवर दिली तरी रनवेवर नाक एका बाजूला ओढत नाही.

अजून एक गोष्ट, शिंदेनचा पंखा टेस्टिंगच्या वेळी जमिनीला घासला होता म्हणून नंतर मागच्या उभ्या फिन्सखाली छोटी चाकं लावली, ह्या पठ्ठ्याने तीसुद्धा दिलीयेत!! आणि ती शोभेची नाहीत, टेकऑफला स्टिक जास्त खेचली तर खरंच तीच टेकतात आणि पंखा वाचतो. एवढा विचार किती जण करतात सांगा.

लँडिंग मात्र अवघड आहे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली येणाऱ्या पट्ट्या) टाकले की नाक एकदम खाली जातं, नाक सावरणारा ट्रिम स्लायडर हळूहळू वर घेत राहावं लागतं, मला वाटतं कॅनार्ड जरा मोठे हवे होते, पुढच्या व्हर्जनमधे तेवढं करावं. कॉकपिट आतून सुंदर आहे पण पार्ट्स खूप, साध्या फोनवर अडकत अडकत चालतं. पीसीवर काही प्रॉब्लेम नाही. डॉगफाइटला घेणार असाल तर वरून डाइव्ह मारा आणि निघून जा, वळणावळणाच्या भांडणात जपानच्या झिरो फायटरसारखं हलकं विमान मागे लागलं तर हे हरतंच.