संस्था की विद्यापीठ : सिद्धान्तवाल्याने कुठे बसावं?

माझ्या ज्या पेपरला सगळ्यात जास्त सायटेशन, म्हणजे इतरांनी घेतलेले दाखले, आहेत तो अस्तित्वात नसलेल्या कणावर आहे.

१५ डिसेंबर २०१५ ला सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत ॲटलस आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांनी दोन फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) आलेखात ७५० जीईव्ही ऊर्जेच्या आसपास एक उंचवटा दाखवला. नवा कण असेल तर असा उंचवटा दिसतो. आपल्याकडे तेव्हा रात्र होत आली होती. मी कणभौतिकीतला सिद्धान्तवाला, म्हणजे प्रयोग न करता कागदावर गणित करणारा, आणि तेव्हा एका संशोधन संस्थेत मुदतीच्या नेमणुकीवर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आर्काइव्हची, म्हणजे नवे पेपर जिथे टाकतात त्या संकेतस्थळाची, यादी आली, तर त्या उंचवट्याचं स्पष्टीकरण देणारे पेपर तिच्यात हजर. लोकांनी रात्रीतून लिहिले होते. चारच्या चहाला पहिला प्रश्न आला, "सातशे पन्नासवर काही करतोयस ना?" मी काहीच करत नव्हतो. माझं दोन वर्षांचं वेगळंच गणित अडकून पडलं होतं. पण "नाही" म्हणायची हिंमत झाली नाही. आम्ही तिघांनी नऊ दिवसांत एक मॉडेल जुळवलं आणि पाठवून दिलं. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत जास्तीचा डेटा आला आणि उंचवटा सपाट झाला. तोवर त्या न-कणावर जगभरात काही शे पेपर झाले होते. ते एकमेकांना सायटेशन देत होते आणि आमच्याही वाट्याला बरीच आली.

पुढच्याच वर्षी मला संस्थेत राहायचं की राज्य विद्यापीठात जायचं हे ठरवावं लागलं. हल्ली दोन-तीन पोस्टडॉक (पीएचडीनंतर मुदतीवर संशोधन करणाऱ्या) मुलांनी तोच प्रश्न विचारला म्हणून हे लिहितोय. पगार, क्वार्टर, पेन्शन, सुट्ट्या यांचे तक्ते तुम्ही एव्हाना केलेच असतील, त्यात मी शिरत नाही. सत्येंद्रनाथ बोसांनी ढाक्याच्या वर्गात शिकवता शिकवता काय केलं ही गोष्टही सगळे सांगतात. ती मी सांगणार नाही, कारण तसं आपल्या कुणाच्या बाबतीत होईल असं धरून नोकरी निवडू नये.

संस्थेची बाजू आधी, आणि मनापासून. तिथे खरी चीज म्हणजे कॉरिडॉर. एक लूप इंटिग्रल तीन आठवडे सुटत नव्हतं, ते शेजारच्या खोलीतल्या माणसाने फळ्यावर दहा मिनिटांत सरळ केलं, तेही फोनवर बोलत. विद्यापीठात मला असा शेजारी नाही. आमच्या डिपार्टमेंटमध्ये थिन फिल्मवाले आहेत, नॅनोवाले आहेत, एक ग्लासवाले सर आहेत. सगळी भली माणसं, पण 'रीनॉर्मलायझेशन' म्हटलं की चहा संपवून उठतात. संस्थेत आठवड्याला दोन सेमिनार, बाहेरून येणारे पाहुणे आणि प्रवासाला पैसे असतात. पीएचडीचे विद्यार्थी जेस्ट किंवा गेट या परीक्षांच्या चाळणीतून, फेलोशिपसकट येतात. विद्यापीठात विद्यार्थ्याने स्वतःची जेआरएफ ही फेलोशिप आणली तर ठीक, नाहीतर तो पेट ही प्रवेश परीक्षा देऊन येतो, सकाळी कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवतो आणि दुपारी दमून तुमच्यासमोर बसतो. त्याच्याकडून फाइनमन डायग्रामची चिन्हं तपासून घेताना आपल्यालाच अपराधी वाटतं.

होमी भाभांनी १९४५ मध्ये टीआयएफआर ही संशोधन संस्था काढली तेव्हापासून आपल्याकडे ही फाळणी आहे : संशोधन एकीकडे, विद्यार्थी दुसरीकडे. ती सांधायचा सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न मला वाटतं जयंत नारळीकरांनी केला. स्वतः टीआयएफआरमधून आलेल्या माणसाने १९८८ मध्ये पुण्याला, विद्यापीठाच्या आवारातच आयुका ही संस्था उभी केली, आणि देशभरच्या विद्यापीठांतल्या शिक्षकांनी तिथे येऊन काम करावं म्हणून तिची दारं उघडी ठेवली. पण ते खगोलशास्त्र. कणभौतिकीवाल्याला तेवढी हक्काची जागा नाही. इटलीतल्या ट्रिएस्टची आयसीटीपी ही सैद्धान्तिक भौतिकीची संस्था आहे. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलामांनी ती १९६४ मध्ये काढली, आणि त्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. १९५१ मध्ये केंब्रिजहून लाहोरला शिकवायला परतले तर बोलायला कुणी नाही, आणि वर कॉलेजने फुटबॉलचा संघ सांभाळायला दिला. तीन वर्षांत ते परत केंब्रिजला गेले. दूरच्या देशांतल्या एकट्या पडलेल्या शिक्षकांना अधूनमधून बोलावून घेण्याची तिथली योजना याच दुखण्यावरचं औषध आहे. विद्यापीठात जाणाऱ्याने तिचा अर्ज नेमणूकपत्राच्या सोबतच भरून टाकावा.

आता मला काय खुपलं ते. बाहेरून ते अगदीच किरकोळ दिसेल, पण माझा निर्णय त्यावरच झाला.

चारचा चहा. संस्थेतला तो चहा म्हणजे खरं तर वैभव. मोठी खिडकी, हातात कप, आणि दोन हात अंतरावर जगातल्या कुठल्याही विषयातला जाणकार. पण तिथे रोज, न चुकता, एकच प्रश्न असतो : "सध्या काय चाललंय?" विचारणारा प्रेमाने विचारतो, कुणी हजेरी घेत नाही. तरी दोन महिने गणित पुढे सरकलं नाही की त्या प्रश्नाचं उत्तर मी दुपारी दोनपासून तयार करायला लागायचो. गेल्या आठवड्यात सांगितलेलं या आठवड्यात पुन्हा कसं सांगायचं? मग जरा नवं ऐकू येईल असं काहीतरी हातात घ्यायचं. यादी सकाळी बघायची, त्यातलं आपल्याला झेपेल ते उचलायचं आणि चहापर्यंत एक वाक्य तयार ठेवायचं. सातशे पन्नासचा पेपर असाच झाला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, केली फक्त चौकशी. शेवटी शेवटी मी चहाला साडेचारला, गर्दी पांगल्यावर जायला लागलो. थंड चहा पीत एकटा उभा होतो, तेव्हा वाटलं, हे काही खरं नाही.

हा दोष माझ्या स्वभावाचाही असेल. माझ्याच बरोबरीची एक मैत्रीण त्या चहावरच जगते. तिचे निम्मे पेपर त्या टेबलावर जन्मले आहेत. तुम्ही तिच्यासारखे असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, संस्थेत जा.

विद्यापीठात हा प्रश्न कुणी विचारत नाही. पहिलं वर्षभर ते सुख वाटलं, नंतर काही दिवस वाईटही वाटलं, कारण खरोखरच कुणालाच फरक पडत नाही. त्याऐवजी दुसऱ्या गोष्टी विचारतात. नॅकची (विद्यापीठाच्या मूल्यांकनाची) फाइल झाली का? मे महिन्यात कॅपला (उत्तरपत्रिका तपासायला) येताय ना? असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याचे १६ तास शिकवायचे असतात, आणि ते सगळे तुमच्या आवडीच्या विषयाचे नसतात. मला पहिल्या सत्रात प्रॅक्टिकल दिलं, मायकेल्सन इंटरफेरोमीटर. आयुष्यात शेवटचं उपकरण बीएस्सीला हाताळलेलं. सोडियमचा दिवा लावून तिसऱ्या मिनिटाला मी पट्टे शोधायला लागलो तेव्हा लॅबमधले मामा शांतपणे म्हणाले, "सर, तापू द्या त्याला. दहा मिनिटं लागतात." पोरं हसली नाहीत याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

आणि एपीआय, म्हणजे पदोन्नतीसाठी मोजायचे गुण. यातली गंमत फक्त आपल्या विषयातल्या माणसालाच कळेल. आपल्याकडे पेपरवर लेखकांची नावं आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावतात. पहिला लेखक म्हणजे प्रमुख लेखक ही भानगड सिद्धान्तात नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत मात्र दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्या किंवा कॉरस्पाँडिंग (पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या) लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकीच्या प्रत्येकाला ३०. माझं आडनाव 'व' वरून. जन्मभर मी यादीत शेवटचा. पदोन्नतीच्या वेळी समितीतल्या एका सद्गृहस्थांनी काळजीने विचारलं, "तुम्ही नेहमी मदतनीस म्हणूनच काम करता का?" मी अक्षरक्रमाची प्रथा समजावली. त्यांनी मान डोलावली आणि ३० लिहिलं.

मग तरी विद्यापीठ का?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी कणभौतिकी शिकवतो. त्यात म्यूऑनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचा, क्षय फळ्यावर पूर्ण करून दाखवायचा माझा नेम आहे. दीड तास लागतो, मध्ये एकदा दोनचा गुणक हरवतो आणि शेवटी म्यूऑनच्या वस्तुमानाचा पाचवा घात वर, १९२ गुणिले पायचा घन खाली असं ते सुंदर उत्तर येतं. त्यातून सरासरी आयुष्य निघतं २.२ मायक्रोसेकंद. तीन वर्षांपूर्वी तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी फळा पुसायच्या आत पुढे आली. एरवी वर्गात तिचा आवाज कधी ऐकला नव्हता.

"सर, आत्ता तयार झालेला म्यूऑन आणि पाच मायक्रोसेकंद जगलेला म्यूऑन, दोघांचं इथून पुढचं सरासरी आयुष्य सारखंच?"

"सारखंच."

"म्हणजे तो म्हातारा होत नाही."

"नाही होत."

"मग मरतो कशाने?"

मी घातांकी नियम सांगितला. दर क्षणाला क्षयाची शक्यता तेवढीच, मागचं काही लक्षात राहत नाही, वगैरे. ती वहीत लिहिता लिहिता थांबली. "ते गणित झालं सर." एवढंच म्हणाली, बस होती तिची, गेली.

मी पार्किंगमध्ये स्कूटरपाशी बराच वेळ उभा होतो. वीस वर्षं या कणाशी व्यवहार करतोय आणि मला हे कुणी विचारलं नव्हतं. संस्थेत तर शक्यच नाही. तिथे सगळ्यांना ते ठाऊक असतं, म्हणजे ठाऊक आहे असं धरून सगळे पुढे गेलेले असतात. पुढच्या तासाला अर्धा तास त्यावरच घालवला. म्यूऑनच्या आत झिजणारा काही भाग नाही. जुना म्यूऑन आणि नवा म्यूऑन वेगळे ओळखता आले असते, तर सगळे म्यूऑन तंतोतंत एकसारखे हे म्हणणंच बाद झालं असतं. म्हातारं न होणं ही त्या एकसारखेपणाची किंमत आहे. आणि ते सांगताना आठवलं, की क्वांटम मेकॅनिक्समध्ये तो घातांकी नियम खरं तर काटेकोर नाही. अगदी लहान आणि अगदी मोठ्या काळासाठी तो ढळतो. ते मी पोस्टडॉकच्या काळात वाचून विसरून गेलो होतो. मुलीची शंका नेमकी त्या फटीवर येऊन थांबली होती.

यातून पेपर वगैरे निघाला नाही. एपीआयमध्ये त्याला रकानाही नाही. पण त्या आठवड्यात मी जेवढा विचार केला तेवढा सातशे पन्नासच्या नऊ दिवसांत केला नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो. मोजमाप मागाल तर माझ्याकडे एवढंच आहे.

विद्यापीठात राहून जगाला दखल घ्यावी लागेल असं काम होतं का, ही शंका रास्त आहे. कणभौतिकीतल्या रोहिणी गोडबोले १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या, आणि मानुएल द्रीस यांच्यासोबतचं त्यांचं गाजलेलं काम त्याच काळातलं. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींत फोटॉन-फोटॉनच्या आदळण्यातून हेड्रॉनांचा (प्रोटॉनच्या जातीच्या कणांचा) केवढा कचरा होईल हे त्यांनी दाखवलं, आणि पुढच्या यंत्रांचे आराखडे करणाऱ्यांना तो हिशेबात धरावा लागला. तेव्हा होतं. पण त्यानंतर त्या बंगलोरला आयआयएस्सी या संशोधन संस्थेत गेल्या, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी वकिली करतोय असं वाटेल. थोडी करतोय.

एक अडचण मात्र खरीच मोठी आहे : तुम्ही विद्यापीठ निवडलं तरी विद्यापीठाने जागा काढायला हवी. जागा वर्षानुवर्षं निघत नाहीत आणि चांगली शिकलेली पोरं तासिकांवर घासत राहतात. संस्थेतली पाच वर्षांची नेमणूक हातात असेल आणि विद्यापीठाची नुसती आशा, तर निमूटपणे संस्थेत जा, मग बघू. दोन्ही पत्रं खरोखर हातात असतील तरच माझं ऐका. वय पस्तिशीच्या आत असेल आणि एखादी चांगली जोडी जमून काम धावत असेल तर तेव्हाही आणखी तीन-चार वर्षं कॉरिडॉरमध्ये काढायला हरकत नाही. अडकलेल्या गणिताची सवय झाली, चहाला उशिरा जावंसं वाटायला लागलं, की मग विद्यापीठाच्या जाहिराती बघाव्यात.

दोन्हीकडे मुलाखतीला जाल तेव्हा मुलाखत संपल्यावर लगेच निघू नका. संस्थेत चहाला थांबा आणि तुम्हाला पहिला प्रश्न काय विचारतात ते ऐका. विद्यापीठात एखाद्या तासानंतर वर्गाच्या दाराशी उभे राहा आणि सरांच्या मागे कुणी बाहेर येतं का ते बघा.

आणि विद्यापीठात जायचं ठरलं, तर पुढच्या पेपरपासून कॉरस्पाँडिंग लेखक कोण हे सुरुवातीलाच बोलून घ्या. आडनाव 'अ' वरून असेल तर राहू द्या.