पुगाचोव्हच्या बंडावरील व्याख्यान : ऐकण्यासारखे, पण प्रत्यक्ष जाऊनच

दादरमधील एका संस्थेने इतिहासविषयक सशुल्क व्याख्याने सुरू केली आहेत. त्यांपैकी येमेल्यान पुगाचोव्हवरील व्याख्यान नुकतेच ऐकले. तिकीट २०० रुपये, वेळ दोन तास. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्याविरुद्ध १७७३ मध्ये उठलेल्या आणि अखेर मोडून काढलेल्या बंडाचा हा नायक मराठी श्रोत्यांना फारसा परिचित नाही. त्यामुळे वक्त्यांनी कोठून सुरुवात केली, हे महत्त्वाचे ठरते.

त्यांनी लढायांपासून नव्हे, तर लोकांच्या विश्वासापासून सुरुवात केली, आणि व्याख्यानाचे खरे मोल तेथेच आहे. डॉन नदीकाठचा हा निरक्षर, सैन्यातून पळालेला कोसॅक (रशियाच्या सीमाभागातील लढवय्या समाजातील माणूस) स्वतःला रशियाचा सम्राट तिसरा पीटर म्हणवू लागला, तेव्हा तो पीटर जाऊन अकरा वर्षे झाली होती. १७६२ मध्ये पत्नी कॅथरीनने त्याला पदच्युत केले, थोड्याच दिवसांत तो मेला, आणि सरकारी जाहीरनाम्यात कारण दिले गेले मूळव्याधीतून उद्भवलेल्या पोटशुळाचे! त्याच वर्षी पीटरने सरदारांना सक्तीच्या राजसेवेतून मोकळे केले होते. मग आपल्यालाही तो मोकळे करणारच होता, म्हणूनच त्याला घालवले, अशी भूदासांची, म्हणजे जमीनदारांच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची, समजूत झाली. पुगाचोव्हने छातीवरचे आजाराचे वण राजचिन्हे म्हणून दाखवले, तो प्रसंग वक्त्यांनी फार संयमाने सांगितला.

जुलै १७७४ च्या जाहीरनाम्याचे वाचन हा व्याख्यानाचा कळस. भूदासांना स्वातंत्र्य, जमिनी, जंगले, कुरणे, मासेमारीच्या जागा आणि मिठाची ठिकाणे मोफत, डोईपट्टी आणि सैन्यभरती रद्द, शिवाय दाढी राखण्याची मुभा. आणि त्याच दमात जमीनदारांना पकडून फासावर द्यावे, ही आज्ञा. वक्त्यांनी हा शेवटचा भाग गाळला नाही किंवा सौम्य केला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. ओरेनबुर्ग शहराच्या वेढ्याच्या काळात जवळच्या बेर्डा येथे पुगाचोव्हने दरबार भरवला आणि साथीदारांना कॅथरीनच्या सरदारांची नावे दिली, यावर मात्र सभागृहात हशा पिकवण्यात आला. मला तो अस्थानी वाटला. ज्यांना राजाखेरीज न्यायाचा दुसरा आधार ठाऊक नव्हता, त्यांनी राजाविरुद्ध उठतानाही राजाच उभा करावा, यात हसण्यासारखे काय आहे?

उत्तरार्ध कमी पडला. बंडातील एक नेता सालावात युलायेव आणि त्याचे बश्कीर जमातीचे घोडेस्वार दोन वाक्यांत आटोपले. उरलच्या कारखान्यांतील मजुरांनी बंडवाल्यांना तोफा पुरवल्या, हे तर ओझरतेच आले. पडद्यावर चित्रे पुष्कळ होती, पण नकाशा एकही नव्हता, त्यामुळे याइक नदी आणि कझान, त्सारित्सिन ही शहरे यांची नावे ऐकूनही बंड कोणत्या दिशेने सरकले हे नवख्याला कळणे कठीण. जुलै १७७४ मध्ये तुर्कांशी तह होऊन कॅथरीनचे सैन्य मोकळे झाले, हे अपयशाचे मोठे कारण घाईत उरकले आणि साथीदारांनीच पुगाचोव्हला धरून दिल्याच्या प्रसंगावर अधिक वेळ दिला. जानेवारी १७७५ मध्ये मॉस्कोत झालेला शिरच्छेद आणि त्यानंतर बंडाची आठवणही राहू नये म्हणून याइक नदीला दिलेले ‘उरल’ हे नवे नाव, एवढ्यावर व्याख्यान संपले.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात : सभागृह स्टेशनपासून चालत जाण्याजोगे, ध्वनियंत्रणा उत्तम, चहा बरा. कामाच्या दिवशी सायंकाळी साडेसहाची वेळ मात्र उपनगरांतून येणाऱ्या नोकरदारांना झेपणारी नाही. अनेक जण मध्यावर आले.

प्रश्नोत्तरांत एका ज्येष्ठ श्रोत्यांनी सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची आठवण काढली. पानिपतानंतर भाऊंच्या मृत्यूबद्दल शंका राहिली, तिच्या आधारे त्या तोतयाने कोकणात बंड उभारले आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. म्हणजे दोन्ही प्रकरणे जवळजवळ एकाच काळातील. यावर वक्ते टिपणे बाजूला ठेवून बोलले. भाऊंच्या तोतयाने पेशवाईतील हक्क मागितला, पुगाचोव्हने मात्र राजाच्या नावाने जमीनदारीच मोडायला सांगितले, हा त्यांनी दाखवलेला फरक मूळ व्याख्यानातच यायला हवा होता. घरबसल्या ऐकणाऱ्यांसाठी तितक्याच शुल्कात मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणात प्रश्नोत्तरे नाहीत, त्यामुळे शक्य असेल त्यांनी तिकीट काढून सभागृहातच जावे.