रेडी रेकनर की इंडेक्स टू: भाव कशावरून ओळखायचा?

पुण्यात फ्लॅट बघायला निघालात की एजंट एक भाव सांगतो, मालक दुसरा. मग लोक रेडी रेकनर उघडतात. हा सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता. तो ठरतो मुद्रांक शुल्कासाठी: करारातली किंमत आणि तक्त्यावरची किंमत, यांत जी जास्त तिच्यावर शुल्क. 2023 आणि 2024 मध्ये हे दर वाढलेच नाहीत, थेट एप्रिल 2025 मध्ये वाढले. बाजार काही दोन वर्षं थांबला नव्हता! शिवाय हा दर चौरस मीटरचा, तोही बिल्टअपवर, म्हणजे भिंतींसकट क्षेत्रफळावर; तो 10.764 ने भागल्याशिवाय चौरस फुटाचा भाव कळत नाही.

इंडेक्स टू म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि मिळकत क्रमांक टाकून तो सापडतो. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे आकडे असतात. आपल्याला हवा तो मोबदला, म्हणजे करारातली किंमत. इथला बाजारभाव म्हणजे पुन्हा तो रेकनरचाच हिशेब, यात भले भले फसतात. त्याच सोसायटीतले गेल्या वर्षभरातले चार-पाच व्यवहार काढा, क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप ते बघा, पार्किंग धरलंय का तेही.

रोखीत दिलेले पैसे मात्र दोन्हीकडे दिसत नाहीत. तरी घासाघीस करायला बसताना माझ्या हातात इंडेक्स टूच असेल. रेकनर शुल्काच्या हिशेबापुरता.