गणिताच्या एम.एस्सी.साठी घेतलेला ऑनलाइन कोर्स: दिवाळी ते जून, वापरानंतरचा अनुभव

हा रिव्ह्यू मार्चमध्येच लिहायला घेतला होता आणि तेव्हा एकच स्टार देणार होते. जुना फोन फुटला, नवा घेतला, आणि कोर्स बंद. अ‍ॅप उघडलं की "डिव्हाइस लिमिट संपली" एवढंच. कस्टमर केअरला फोन करा, "मॅडम, तिकीट रेज केलंय" ऐका, आणि दोन दिवसांनी ते तिकीट आपोआप क्लोज झाल्याचा मेसेज वाचा. शेवटी पैसे भरल्याची पावती, फुटक्या फोनचा फोटो आणि बऱ्यापैकी खरमरीत मेल पाठवल्यावर लॉक निघालं. वाया गेलेल्या दिवसांची व्हॅलिडिटी वाढवून द्या म्हटलं, तर "पॉलिसीत नाही". साडेनऊ हजार मोजलेत, तेही दिवाळी ऑफरमध्ये. का सोडायचे?

कोर्समध्ये काय काय आहे ते जाहिरातीत सगळ्यांनी वाचलेलं असतं, ते परत लिहीत नाही. मी मेकॅनिकलची बी.ई., नोकरी नागपूरच्या मिहानमध्ये. माझं गणित म्हणजे इंजिनिअरिंगचे एम-वन ते एम-थ्री हे पेपर: लाप्लास, फूरिए, आयगेन व्हॅल्यू. उत्तर काढता येतं. ते तसंच का येतं हे चार वर्षांत कुणी विचारलं नाही. सिद्धता शेवटची लिहिली ती दहावीच्या भूमितीत, पक्ष-साध्य-सिद्धता करून. अशा माणसाला जॅम, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, देऊन एम.एस्सी.ला जायचं असेल तर कॅल्क्युलस फार त्रास देत नाही, त्याच्यामागची सिद्धतांची बाजू, म्हणजे रिअल अ‍ॅनालिसिस घाम काढतं.

आता माझी मुख्य तक्रार. वॉटरमार्क. व्हिडिओची चोरी होऊ नये म्हणून स्क्रीनवर आपलाच मोबाइल नंबर तरंगत असतो. ठीक आहे, समजू शकते. पण तो फिरत फिरत नेमका अक्षरांच्या पायाशी लिहिलेल्या बारीक निर्देशांकांवर येऊन बसतो. कोशी सिक्वेन्सची व्याख्या घ्या. एका ठराविक पदाच्या पुढची कुठलीही दोन पदं, एक्स-एन आणि एक्स-एम, यांच्यातलं अंतर एप्सिलॉनपेक्षा, म्हणजे आपण ठरवू त्या कितीही लहान धन आकड्यापेक्षा, कमी हवं. आता तो 'एम' नंबरखाली गेला. तिथे 'एन अधिक एक' असेल असं धरून कुणी पुढे गेलं तर? एनच्या वर्गमुळाची सिक्वेन्स करून बघा: लागोपाठच्या पदांमधलं अंतर कमी कमी होत शून्याकडे जातं, सिक्वेन्स मात्र अनंताकडे निघते. म्हणजे ती कोशी नाहीच. 'कुठलीही दोन' आणि 'लागोपाठची दोन' यांत एवढा फरक, तो दाखवणारं अक्षर एकच, आणि त्यावर माझा नंबर! मेट्रोच्या ऑरेंज लाइनने खापरीकडे जाताना मी तेच दहा सेकंद मागे-पुढे करत असते, नंबर सरकला की पॉज. नंबर वरच्या कोपऱ्यात ठेवा, असं फीडबॅकमध्ये कितीदा लिहिलं. उत्तर ठरलेलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

शिकवण्याबद्दल माझं मत आधी वाईट होतं. जिथे तिथे ट्रिक. पर्याय कसे खोडायचे, कुठलं उदाहरण टाकून उत्तर ताडायचं. जॅमचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० मार्क. त्यातल्या ३० प्रश्नांना एकच पर्याय बरोबर असतो, तिथे ट्रिक चालून जाते. पण १० प्रश्नांत एक किंवा जास्त पर्याय बरोबर असतात. सगळे अचूक निवडले तरच २ मार्क, अर्धवट बरोबर असेल तर शून्य. उरलेल्या २० मध्ये आकडा टाइप करायचा, खोडायला पर्यायच नाहीत. बाबा तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "यूट्यूबवर फुकटात भेटून राह्यलं ना, मग पैसे कायले?" रिअल अ‍ॅनालिसिसपुरतं त्यांचं खरं निघालं. एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, संथ आहेत, पण फळ्यावर कुणाचा नंबर फिरत नाही. मी तीच बघते, हेडफोन लावून, कारण मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून कोण बसणार?

मत बदललं ते तपासणीमुळे. जाहिरातीत हे अगदी तळाशी आहे: वहीत लिहिलेल्या सिद्धतांचे फोटो दर आठवड्याला पाठवा, माणूस तपासतो. मला वाटलं होतं 'गुड' लिहून परत येईल. एम-थ्रीला आम्ही केली-हॅमिल्टन थिअरम (ए वजा लॅम्डा आयच्या डिटरमिनंटमधून लॅम्डाची जी बहुपदी मिळते, तिच्यात लॅम्डाच्या जागी मॅट्रिक्स ए ठेवलं की शून्य मॅट्रिक्स येतं) नुसता 'व्हेरिफाय' करायचो. इथे सिद्धता दोन पानांची बघून मी तपासणाऱ्याला विचारलं, ए वजा लॅम्डा आय यात लॅम्डाच्या जागी सरळ ए ठेवला की आत शून्य, डिटरमिनंट शून्य, झालं की! दोन पानं कशाला? रात्री लाल शाईत उत्तर: "२ × २ चं मॅट्रिक्स घेऊन प्रत्येक घर लिहा. पहिल्या घरात एक आकडा वजा लॅम्डा आहे. आकड्यातून मॅट्रिक्स कसं वजा करणार? शिवाय डिटरमिनंट म्हणजे आकडा, आणि थिअरम शून्य मॅट्रिक्सबद्दल आहे. आधी बहुपदी मिळवा, ए नंतर ठेवा." इंजिनिअरिंगच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये एवढं कुणी समजावलं नव्हतं. आता तपासलेल्या वह्यांचे फोटो मी प्रिंट काढून ठेवते, अ‍ॅपवर भरवसा नाही.

पैसे भरण्याआधी एक बघा. सेल्सवाला "कोणताही ग्रॅज्युएट चालतो" म्हणेल. परीक्षेपुरतं ते बरोबर. प्रवेशाची अट मात्र प्रत्येक संस्थेची आणि कोर्सची वेगळी, काही ठिकाणी पदवीला ठरावीक काळ गणित असावं लागतं. माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

ग्रुप थिअरी अजून उघडली नाही, त्याबद्दल विचारू नका. तूर्तास तीन स्टार.

रिन्यूअलचे फोन आतापासून सुरू झालेत. परवा विचारलं, व्हिडिओ नकोत, नुसती तपासणी कितीला द्याल? तसा प्लॅन नाही म्हणे. निघाला तर कळवा, दोन हजारांपर्यंत मी तयार आहे.