‘सर्वानुमते’ मागचे मौन : निर्णयप्रक्रियेवरील एका कार्यशाळेविषयी

कार्यशाळेच्या शेवटी अभिप्रायासाठी एकच लांब तक्ता फिरवण्यात आला. पहिल्या सहभागींनी सर्व रकान्यांत ‘उत्कृष्ट’ लिहिले, त्यांच्याखाली दुसऱ्यांनी तेच लिहिले, आणि सतराव्या ओळीवर माझी पाळी आली तेव्हा संयोजक शेजारीच उभे असल्यामुळे मीही तेच लिहून पेन पुढे दिले. राज्यकर्त्यांच्या बैठकांत कोणी विरोधी बोलत का नाही, हाच ज्या कार्यशाळेचा विषय होता तिच्या बाबतीत आपल्या हातून हे व्हावे, याची टोचणी लागून राहिली. म्हणून खरा अभिप्राय येथे सविस्तर नोंदवीत आहे.

पुण्यातील एका खासगी प्रशिक्षण संस्थेची ही दोन दिवसांची निवासी कार्यशाळा होती. शुल्क 7,500 रुपये. सहभागींत सेवेतील व निवृत्त अधिकारी, दोन नगरसेवक आणि सहकारी बँकांचे काही संचालक होते. मी स्वतः 28 वर्षे शासकीय टिपण्या लिहून निवृत्त झालो आहे. ‘साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते ठरले’ हे वाक्य मी इतक्या इतिवृत्तांत लिहिले आहे की त्यातील ‘साधकबाधक’ किती वेळा खरे होते, हे आता आठवण्याचा प्रयत्नही करवत नाही.

पहिला संपूर्ण दिवस एकाच प्रकरणाला दिला होता, आणि हा या कार्यशाळेचा सर्वांत मोठा गुण आहे. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी 1972 मध्ये ‘ग्रूपथिंक’ची, म्हणजे एकमत राखण्याच्या ओढीने गटातील माणसे आपल्या शंका दाबून टाकतात या कल्पनेची, मांडणी केली तेव्हा त्यांच्यापुढे मुख्य उदाहरण होते ते एप्रिल 1961 मधील क्युबावरील फसलेल्या स्वारीचे. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, म्हणजे सीआयएने, प्रशिक्षण दिलेले सुमारे 1,400 निर्वासित क्युबन 17 एप्रिलला ‘बे ऑफ पिग्ज’च्या किनाऱ्यावर उतरले; तीन दिवसांच्या आत शंभरावर मारले गेले आणि जवळजवळ 1,200 क्युबाचे सत्ताधीश कॅस्ट्रो यांच्या सैन्याच्या हाती सापडले. प्रशिक्षकांनी हा शेवट सकाळीच सांगून टाकला आणि उरलेला दिवस अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडी यांच्या मेजाभोवतीची अनुभवी व विद्वान माणसे या योजनेला मान डोलवत कशी गेली, एवढ्याच प्रश्नावर घालवला.

त्यातील दोन गोष्टी माझ्यासारख्या टिपणी लिहिणाऱ्याला चांगल्याच लागल्या. मूळ योजनेत सैन्य क्युबातील ट्रिनिदाद या गावाजवळ उतरणार होते, आणि बेत फसलाच तर जवळच्या एस्काम्ब्राय डोंगरांत पांगून गनिमी लढा देणार होते. पुढे जागा बदलून बे ऑफ पिग्ज ठरली. तेथून ते डोंगर सुमारे 80 मैलांवर होते आणि मध्ये दलदल पसरली होती. तरीही ‘गरज पडल्यास डोंगरांत जाता येईल’ हा दिलासा चर्चेत तसाच टिकून राहिला. नकाशा पुढे ओढून अंतर मोजण्याचे कोणाला सुचले नाही. दुसरी गोष्ट एका शब्दाची. लष्करी अधिकाऱ्यांनी मूळ योजनेच्या छाननीत यशाची ‘फेअर’ शक्यता नोंदवली होती. लिहिणाऱ्यांच्या मनात तिचा अर्थ शंभरात तीस असा होता, असे पुढे उघड झाले. वाचणाऱ्यांनी मात्र तो ‘बऱ्यापैकी’ असा अनुकूल घेतला. आकडा टाळून विशेषण घालणे ही आमच्याही लेखणीची जुनी सवय आहे, आणि वर बसलेल्यांचा कल ज्या दिशेला असेल त्या दिशेला असे विशेषण आपोआप झुकते.

आर्थर श्लेसिंजर यांच्यावरील सत्र सर्वोत्तम झाले. या इतिहासकार सल्लागाराने अध्यक्षांना लेखी निवेदन देऊन योजनेला विरोध केला होता, पण प्रत्यक्ष बैठकांत तो जवळजवळ गप्प बसला. अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी त्यांना बाजूला घेऊन, अध्यक्षांचा निर्णय झाला आहे, आता आग्रह धरू नये, असे सुचवले. त्या मौनाचा पश्चात्ताप श्लेसिंजर यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला. सिनेटर फुलब्राइट यांनी मात्र 4 एप्रिलच्या बैठकीत तोंडावर विरोध केला. म्हणजे विरोधी मत त्या खोलीत पोहोचलेच नव्हते, असे नाही. ते ऐकले गेले आणि बाजूला ठेवले गेले. प्रशिक्षकांनी हा फरक फार नेमका उलगडला.

त्यानंतरचा सराव शुल्काच्या मोलाचा होता. आठ-आठ जणांच्या दोन गटांना एकच कल्पित प्रस्ताव दिला. एका गटाच्या अध्यक्षाला बंद पाकिटातून आपले मत आधी सांगण्याची सूचना होती, दुसऱ्याला शेवटी. आमच्या अध्यक्षांनी आधी सांगितले आणि 11 मिनिटांत आम्ही चहाला मोकळे झालो. दुसरा गट पाऊण तासानंतरही भांडत होता, आणि प्रस्तावातील खर्चाची मुद्दाम पेरलेली चूक त्यांनाच सापडली.

दुसऱ्या दिवसाबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. ऑक्टोबर 1962 चा, क्युबात आणलेल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेला पेचप्रसंग हा या विषयाचा उत्तरार्ध आहे: तेच अध्यक्ष, बरेचसे तेच सल्लागार, आणि 16 ते 28 ऑक्टोबर या 13 दिवसांत निर्णय घेण्याची अगदी वेगळी रीत. केनेडी काही चर्चांना मुद्दाम अनुपस्थित राहिले. सल्लागारांनी गट पाडून आपापले प्रस्ताव लिहिले आणि एकमेकांचे प्रस्ताव तपासले. आरंभी हवाई हल्ल्याकडे झुकलेली चर्चा सागरी नाकेबंदीपर्यंत आली. एवढ्या ऐवजाला 40 मिनिटे मिळाली, तीही दुपारच्या जेवणानंतर. जेवणात बासुंदी होती. आयोजकांनी हा क्रम ठरवताना कोणाचे भिन्नमत मागवले नसावे.

त्याहून मोठी उणीव अशी की जॅनिस यांची मांडणी शेवटचा शब्द असल्यासारखी शिकवली गेली. स्टॅनफर्डचे रॉडरिक क्रेमर यांनी 1998 मध्ये, नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांच्या आधारे, केनेडी यांच्या 1961 च्या स्वारीच्या निर्णयात गटाच्या दडपणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांचा स्वतःचा राजकीय हिशेब होता असा आक्षेप घेतला आहे. हा आक्षेप खरा धरला, तर उपाय बदलतो. नेता भुलला असेल तर विरोधी आवाज उपयोगी पडतो. नेत्याने मन आधीच ठरवले असेल आणि बैठक केवळ ‘मम’ म्हणण्यासाठी बोलावली असेल, तर तो आवाज इतिवृत्तात एक ओळ होऊन राहतो. मी हा मुद्दा काढला तेव्हा ‘यावर नंतर बोलू’ असे उत्तर मिळाले. मंत्रालयातील ‘चर्चा करावी’ या शेऱ्याचे ते खासगी क्षेत्रातील भावंड असावे.

शेवटी सुचवलेला उपायही वरवरचा वाटला. प्रत्येक बैठकीत एकाला विरोधी वकिलाचा बिल्ला लावावा, असे सांगून तसा प्रयोगही करवून घेतला. बिल्ला लावलेले गृहस्थ बोलू लागताच सगळे हसतमुखाने ऐकत होते, कारण ते बोलणे त्यांचे नसून बिल्ल्याचे आहे हे सर्वांना ठाऊक होते. ज्याला मनापासून पटत नाही, त्याच्या विरोधाने माणसे जितकी विचारात पडतात तितकी नेमून दिलेल्या विरोधाने पडत नाहीत, असे मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत दिसले आहे. त्यांचे नाव कार्यशाळेच्या साहित्यात कोठेही नव्हते.

छापील पुस्तिका सुबक आहे, पण तिचे मराठी इंग्रजीवरून घाईने उतरवलेले दिसते. ‘भिन्नमतपत्रिका’ असा रुळलेला शब्द असताना ‘असहमती टीप’ कशासाठी? निवास स्वच्छ, वेळापत्रक काटेकोर.

समित्यांचे अध्यक्षपद भूषवणाऱ्यांनी केवळ पहिल्या दिवसासाठी जावे; संस्थेने एका दिवसाची वेगळी नोंदणी अर्ध्या शुल्कात ठेवावी. हाताखालच्या अधिकाऱ्यांना मात्र साहेबांसोबत एकाच तुकडीत पाठवू नये. आमच्या तुकडीत असे तिघे होते, आणि दोन दिवसांत त्यांचा आवाज मी फक्त ओळखपरेडच्या वेळी ऐकला.