मोटारहोममधला जुना टीव्ही बदलताना: इन्व्हर्टर, गाडीसाठीचा टीव्ही की अडॅप्टरवरचा घरगुती टीव्ही?

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या जुन्या मोटारहोममध्ये कपाटाच्या कोनाड्यात बसवलेला १५ इंची चौकोनी एलसीडी टीव्ही बंद पडला, की नवा किती इंची घ्यावा याचीच चर्चा आधी सुरू होते. माझ्या मते त्याआधी कोनाडा मोजावा. जुना पडदा साधारण ३०.५ सेंटीमीटर रुंद आणि २३ सेंटीमीटर उंच असतो. आजच्या १९ इंची पडद्याची उंची जवळपास तेवढीच असली तरी रुंदी ४२ सेंटीमीटर भरते आणि २४ इंचीची ५३. त्यामुळे एकतर फळ्या कापाव्या लागतात, नाहीतर कोनाडा तसाच ठेवून त्याच्या पुढे ब्रॅकेटवर टीव्ही टांगावा लागतो. विदर्भात मी यातला दुसरा, ब्रॅकेटचा मार्ग सुचवीन, कारण मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून जास्त तापते, आणि अनेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंशांची असते. बंद कोनाड्यातल्या टीव्हीला स्वतःची उष्णता बाहेर टाकायलाही वाट मिळत नाही.

खरी तुलना विजेची आहे. २४ इंची एलईडी टीव्ही ३० वॅट घेतो असे धरले, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून थेट चालवताना सुमारे अडीच अँपिअर लागतात, म्हणजे चार तासांना १० अँपिअर-तास (बॅटरीतला साठा याच मापात मोजतात). तोच टीव्ही इन्व्हर्टरवर चालवला तर रूपांतरातली घट आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून हा आकडा १५-१६ वर जाऊ शकतो. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने बरे, आणि त्याच निम्म्यात पंखा, दिवे आणि पाण्याचा पंपही भागवायचा असतो. त्यामुळे मेळघाटात दोन रात्री मुक्काम करणाऱ्याला हा फरक नक्की जाणवतो. शिवाय इन्व्हर्टर रात्रभर चालू राहिला, तर टीव्ही बंद असूनही बॅटरी उतरत राहते.

गाडीसाठीच बनवलेला १२ व्होल्टचा टीव्ही या बाबतीत सर्वांत निर्धास्त असतो, कारण इंजिन चालू असताना १४.४ व्होल्टपर्यंत चढणारा दाब तो सोसतो आणि चिखलदऱ्याच्या घाटातले हादरेही. त्याची किंमत मात्र त्याच आकाराच्या घरगुती टीव्हीपेक्षा बरीच जास्त असते, आणि तालुक्याच्या गावी त्याचा सुटा भाग मिळण्याची आशा कमीच.

म्हणून मला तिसरा पर्याय अधिक पटतो. ज्या घरगुती टीव्हीचा अडॅप्टर वेगळा असतो आणि ज्याच्या मागे 'डीसी १२ व्होल्ट' असे छापलेले असते, तो निवडून बॅटरी आणि टीव्ही यांच्यामध्ये दाब स्थिर ठेवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि बॅटरीजवळ पाच अँपिअरचा फ्यूज बसवावा. कन्व्हर्टरशिवाय जोडण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तो मानू नये. चढलेल्या दाबाने टीव्हीचा पॉवर बोर्ड जळू शकतो. अडॅप्टर १९ व्होल्टचा असेल, तर दाब वाढवणारा कन्व्हर्टर लागतो. शेतावर गाडी उभी करून घरच्या विजेवर टीव्ही लावायचा, तर मूळ अडॅप्टर कामी येतो. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असल्यास पंप सुरू असतानाच्या कमी दाबातही तो चालतो.

वर्षातला बराच काळ घराच्या किंवा शेताच्या विजेवर उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र इन्व्हर्टर पुरेसा आहे. तिथे जास्तीचा खर्च करू नये.

स्मार्ट टीव्हीसाठी वेगळे पैसे मोजण्याआधी आपण कुठे थांबतो ते पाहावे, कारण सेमाडोहसारख्या जंगलातल्या मुक्कामी मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. तिथे महिन्याचे शुल्क नसलेली डीडी फ्री डिश उपयोगी पडते. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर. सागाच्या दाट झाडीखाली डिश लावून उपयोग नाही, म्हणून गाडी उभी करतानाच आग्नेयेकडचे आकाश मोकळे असलेली जागा निवडावी.